तागावरचा ठिपकेदार पतंग
पंख पसरल्यावर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर भरणाऱ्या युटेथिसा पुल्चेला या पतंगाचे वर्णन निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये केले असून, आफ्रिका, दक्षिण युरोप आणि भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील माळराने, पडीक जमिनी व शेतांचे बांध हा त्याचा अधिवास, म्हणजे नैसर्गिक वसतिस्थान, आहे. दुधाळ पुढच्या पंखांवर काळ्या ठिपक्यांच्या मधून लाल ठिपके उमटलेले असतात आणि पांढऱ्या मागच्या पंखांची काळी किनार वेडीवाकडी असते. इतका देखणा पतंग भर दिवसाही गवतातून उडताना दिसावा, हे निरीक्षकाचे भाग्यच. खुळखुळा, ताग आणि भुरुंडी या त्याच्या अळीच्या खाद्यवनस्पती असून, त्यांतील पायरोलिझिडीन अल्कलॉइडे, म्हणजे नत्रयुक्त विषारी द्रव्ये, अळी शरीरात साठवते. ती प्रौढ पतंगातही टिकून राहत असल्याने भक्षक त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. पाठीवर पांढरा पट्टा व नारिंगी खुणा मिरवणारी ही काळपट, केसाळ अळी पानांवर भागवते खरी, पण फुगीर शेंगेला भोक पाडून आत शिरते आणि कोवळ्या बिया फस्त करते, म्हणूनच बियाण्यासाठी राखलेल्या तागावर तिचा उपद्रव अधिक जाणवतो.