वडिलांची फियाट पुन्हा रस्त्यावर

पुण्याहून नगरला येताना केडगाव मागे पडलं की कायनेटिक चौक लागतो. दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यावरून चौकाला हे नाव पडलं. एच. के. फिरोदिया आणि अरुण फिरोदिया यांच्या या कंपनीने १९७२ मध्ये ५० सीसीची लुना बाजारात आणली आणि मध्यमवर्गीय घरांना सायकलवरून इंजिनावर नेलं. लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी 'व्हीआरडीई' नगरचीच. १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही इथलंच, आणि त्यात रोल्स-रॉइसची चिलखती मोटारसुद्धा आहे. गाड्या बनवण्याची आणि जपण्याची इतकी सवय असलेल्या या परिसरात वडिलांच्या आठवणींना एखादी गाडी चिकटलेली असावी, हे साहजिकच. कुणाची लुना, कुणाची जीप, तर थोड्या घरांत फियाट.

गाडी विकली गेली किंवा गोठ्याशेजारी पडून सडली. वडील गेले. मग कधीतरी मुलगा किंवा मुलगी तीच गाडी, नाहीतर तशीच दुसरी, परत चालती करायचं मनावर घेते. हा हौसेचा खेळ वाटतो खरा, पण त्यात पत्र्याचं, इंजिनाचं आणि कागदपत्रांचं बरंच काम असतं. शिवाय एक प्रश्न असतो जो शोरूममधून नवी गाडी घेणाऱ्याला कधीच पडत नाही: काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं?

महाराष्ट्राच्या दृष्टीने फियाट ही घरचीच गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी देशभर गेली. १९५४ च्या सुमारास आलेल्या गोलसर फियाट ११०० ला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली, तीच पुढे 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या पिढीने ती घराच्या सदस्यासारखी वापरली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं.

आता अशी एखादी पद्मिनी दहा-पंधरा वर्षं शेडमध्ये उभी आहे असं समजा. पहिला मोह होतो तो किल्ली फिरवून पाहण्याचा. अनुभवी मिस्त्री तो हात आधी धरतो. सिलिंडरच्या आत गंज चढलेला असतो आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडे उठतात. म्हणून प्लग काढायचे, भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. टाकीतलं जुनं पेट्रोल आटून चिकट झालेलं असतं. ते काढून टाकी धुतल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावण्यात अर्थ नाही. ब्रेकचे सिलिंडर बहुधा जाम झालेले असतात. गाडी चालायच्या आधी ती थांबली पाहिजे, हे शहाण्या गॅरेजमध्ये सुरुवातीलाच ठरतं.

खरी परीक्षा पत्र्याची. फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी किंवा पायाखालचा पत्रा सडला असेल तर तो नुसता दिसण्याचा दोष राहत नाही, गाडीची ताकदच गेलेली असते. सडका भाग कापताना दारांच्या चौकटींना आतून लोखंडी आधार द्यावा लागतो. तो दिला नाही तर बॉडी थोडीशी बसते आणि नवा पत्रा जोडल्यावर दार लागतच नाही. घाईच्या गॅरेजमध्ये अशा भोकांवर लांबी भरून वर चकचकीत रंग मारून देतात. एक-दोन पावसाळे गेले की फुगवटे वर येतात. वडिलांच्या आठवणीसाठी पैसे मोजणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून रंगाआधी उघड्या पत्र्याचे फोटो मागून घ्यावेत.

रंग कुठला होता यावरून भावाबहिणींत मतभेद होतात. एक म्हणतो फिकट हिरवा, दुसरी म्हणते राखाडी. उत्तर गाडीतच सापडतं. मागची सीट उचलली किंवा दाराच्या आतलं आवरण काढलं की ऊन न लागलेला मूळ रंग तिथे असतो. मात्र आरसी बुकात नोंदवलेल्या रंगापेक्षा वेगळा रंग द्यायचा असेल, तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते.

आणि काही गोष्टींना हात लावू नये. तळहाताने घासून गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, डॅशबोर्डवर चिकटवलेली देवीची तसबीर, कप्प्यात राहिलेली पेट्रोलच्या हिशेबाची वही. हे सगळं बदलून नवं केलं की गाडी सुंदर दिसते, पण ती मग कुणाचीही असू शकते.

इंधनाचाही विचार हवा. या इंजिनांची रचना शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. ते पेट्रोल भारतात २००० मध्ये बंद झालं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. उसातून तयार होणारं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम फुगवतं, मऊ करतं आणि हवेतला ओलावा ओढून टाकी गंजवतं. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणं आणि गाडी फार काळ भरल्या टाकीने उभी न ठेवणं श्रेयस्कर.

कागदपत्रांबाबत बऱ्याच घरांत एक गैरसमज आहे की पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात काढलीच पाहिजे. दिल्ली परिसरातले निर्बंध वेगळे. महाराष्ट्रात खासगी मोटारीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. ऑगस्ट २०२५ मधल्या बदलानंतर वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी या नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये झालं आहे. पर्यावरण कर वेगळा. गाडी वडिलांच्याच नावावर असेल तर मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाच्या नावाने हस्तांतर मागायचं, असा नियम आहे. उशीर झाला असला तरी इंजिन उघडण्याआधी आरटीओची पायरी चढावी. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. वडिलांसारखं आईला घेऊन रविवारी देवळात जायचं असेल तर साधी नोंदणीच टिकवावी.

जुनी गाडी परत उभी करण्याचं काम किती मोलाचं ठरतं याचं उदाहरण दिल्लीत आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांना मिळाली. त्यांनी ती गाडी २०१० मध्ये निधन होईपर्यंत सांभाळली. नंतर ती घराबाहेर गंजत उभी राहिली. पुढे मारुती कंपनीने ती मूळ रूपात आणली आणि आपल्या मुख्यालयात ठेवली. कोल्हापूरची मेबॅक मात्र संग्रहालयातली वस्तू झालेली नाही. छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली ही भगवी मोटार दरवर्षी दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडते.

सुटे भाग शोधले तर मिळतात, कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात. माणसांचं तसं नाही. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. या टॅक्सींवर हात बसलेल्या मिस्त्रींचं रोजचं काम तिथेच थांबलं. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट पत्तीने मोजावी, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. इंजिनाच्या आवाजावरून टायमिंग किंचित मागे आहे हे ओळखणं पुस्तकातून येत नाही. ज्या गॅरेजमध्ये साठी-सत्तरीतला असा मिस्त्री अजून बसतो, तिथे गाडी याच वर्षी न्यावी. आणि तो काम करत असताना शेजारी एखाद्या तरुण पोराला उभं करून मोबाइलवर सगळं चित्रित करून ठेवावं.