लेखणी एकटीची, लेखणी दोघांची
दोघांनी मिळून कादंबरी लिहिली की लेखकाचा स्वतःचा आवाज पातळ होतो, असा आपल्याकडे पक्का समज आहे. मुंबईच्या कल्पना स्वामिनाथन यांचं इंग्रजी लेखन वाचलं की तो समज टिकत नाही. पेशाने सर्जन असलेल्या या लेखिकेने एकटीने लल्ली ही निवृत्त पोलीस अधिकारी उभी केली. ‘द पेज थ्री मर्डर्स’ (2006) मधली ही साठीपुढची बाई विलेपार्ल्यात राहते! ‘व्हीनस क्रॉसिंग’ हा त्यांचा कथासंग्रह रहस्यकथांचा नाही, आणि त्याला क्रॉसवर्ड पुरस्कार मिळाला. आणि सर्जनच असलेल्या इशरत सय्यद यांच्यासोबत त्या ‘कल्पिश रत्न’ या जोडनावाने लिहितात. ‘द क्वारंटाइन पेपर्स’ (2010) हे त्या जोडीचं पुस्तक. त्यात रतन ओक या नायकाच्या निमित्ताने डिसेंबर 1992 ची दंगलग्रस्त मुंबई आणि एकोणिसाव्या शतकाअखेरची प्लेगची मुंबई एकमेकींत मिसळतात. लल्लीच्या चटपटीत कथांहून हा ऐवज अगदी निराळा आहे. आवाज पातळ झाला असता तर इतकं वेगळं पुस्तक निघालंच नसतं.

कुणी म्हणेल, हा अपवाद आहे. मग स्वीडनकडे पाहा. पेर वालू एकटे राजकीय कादंबऱ्या लिहीत होते. 1965 ते 1975 या काळात माय श्योवाल यांच्यासह त्यांनी मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या 10 कादंबऱ्या लिहिल्या. दोघं आळीपाळीने प्रकरणं लिहीत, तरी सांधा सापडत नाही. वालूंची समाजावरची टीका या पोलीसकथांत विरली नाही, उलट कितीतरी अधिक वाचकांपर्यंत गेली.