चार मते, अनोळखी नावे

१५ जानेवारी २०२६. महापालिकेचे मतदान करून आम्ही घरी आलो. अम्मीने बुरखा उतरवता उतरवता विचारले, "चार बटणे दाबली, पण ते चौघे कोण होते गं?" मला एकाचेच नाव सांगता आले. उरलेल्या तिघांची फक्त चिन्हे आठवत होती. वर्गात नागरिकशास्त्र शिकवणारी मी, त्या दिवशी गप्प बसले.

कल्याण-डोंबिवलीत आधीची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ला झाली होती. २०२०मध्ये मुदत संपली आणि पुढे पाच वर्षे प्रशासकांचा कारभार चालला. ठाण्यात आधीचे मतदान फेब्रुवारी २०१७चे. म्हणजे पंचविशी ओलांडलेल्या कितीतरी मुलामुलींनी नगरसेवकासाठी यंदा पहिल्यांदाच मत दिले. त्यात प्रभागही बदलले. २०१५मध्ये आपल्याकडे एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जाई. यंदा १२२ जागांसाठी ३१ प्रभाग होते, ठाण्यात १३१ जागांसाठी ३३. बहुतेक प्रभाग चार जागांचे. काही जागा तर बिनविरोध गेल्या. तिथे विचारण्याचाही प्रश्न उरला नाही.

दारात येणारा पत्रकात हसरा फोटो देतो, सलाम करतो आणि पुढच्या घरी जातो. बाकीचे मोबाईलवर येते, त्यातले खरे किती, खोटे किती, कळत नाही. सूरह हुजुरातमध्ये (४९:६) अविश्वासू माणसाने बातमी आणली तर आधी तहकीक करा, अशी ताकीद आहे. मुफ्ती मुहम्मद शफी साहेबांनी मताला शहादत म्हटले आहे. न पाहिलेल्याची शहादत आपण कशी देणार?

माहिती अगदीच नसते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या निकालानंतर उमेदवाराने गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करण्याची पद्धत रूढ झाली. महापालिकेच्या उमेदवारालाही अर्जासोबत असे शपथपत्र द्यावे लागते. ते वाचायला पंधरा मिनिटे पुरतात. मी ती काढली नाहीत, हा दोष माझाच.

पण शपथपत्रात नळाचे पाणी नसते. गटार, कचरा, गल्लीतला दिवा, पालिकेची शाळा आणि दवाखाना ही नगरसेवकाची कामे. आपण मात्र उमेदवाराला त्याचा पक्ष विचारतो, फार तर त्याची बिरादरी. "आमच्या गल्लीत पाणी किती वाजता येते?" हे कोणी विचारत नाही. ज्याला याचे उत्तर माहीत नाही, त्याला आपली गल्ली माहीत नाही.

आता निवडणूक झाली, तरी काम संपलेले नाही. मी घरात एक वही केली आहे. पहिल्या पानावर आमच्या चारही नगरसेवकांची नावे व फोन नंबर. पुढे तक्रार कोणत्या तारखेला केली, कोणाकडे केली आणि काय झाले, याची नोंद. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. हा कायदा २००५पासून आपल्या हातात आहे. शेजारच्या दोन बाजींनीही अशीच वही घातली आहे.

अम्मीला लिहिता येत नाही. ती सांगते, नात लिहिते. परवाची नोंद तिचीच: "जिन्यासमोरचे गटार तुंबले." त्यापुढची जागा अजून कोरी आहे. पुढच्या मतदानाला जाताना ही वही आम्ही आधी वाचणार आहोत.