जुने मोटरहोम घेताना...

अमेरिकेत निवृत्तीनंतर साठवलेल्या पुंजीतून जुने डिझेल मोटरहोम घेऊन देशभर भटकणारे अनेक आहेत. अशा खरेदीत इंजिनाचे निर्मितीवर्ष पाहणे अगत्याचे ठरते. तेथील प्रदूषणविषयक नियमांमुळे २००७ पासून मोठ्या डिझेल इंजिनांना काजळी अडवणारे फिल्टर आले, तर २०१० पासून नायट्रोजन ऑक्साइड घटवणारी युरिया फवारणी आली.

फिल्टरमधील काजळी जळण्यास सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमान लागते. महामार्गावरील सलग प्रवासात हे काम आपोआप उरकते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या आणि अधूनमधून जागीच चालू केल्या जाणाऱ्या गाडीत मात्र काजळी साचत जाते. ३२.५ टक्के युरियाचे द्रावण उन्हात लवकर खराब होते. टाकीतील सेन्सर बिघडल्यास संगणक इंजिनाची शक्ती घटवतो. काही गाड्यांचा वेग तर ताशी ८ किलोमीटरवर येतो.

त्यामुळे 'कमी धावलेली गाडी चांगली' हा समज येथे फसवा ठरतो. संगणकातील दोषसंकेत नुकतेच पुसलेले नाहीत ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. फिल्टर साफ केल्याची नोंद मागावी आणि महामार्गावर तासभर गाडी चालवून पाहावी. ही यंत्रणाच काढून टाकलेली गाडी मात्र टाळावी. तेथील कायद्याला ते मान्य नाही.