हातांनी मागितलेली सत्ता

तर्जनी कपाळासमोरून आडवी नेत दुमडली की ‘उन्हाळा’. तेच बोट, तीच हालचाल, पण नाकासमोरून केली की ‘कुरूप’ आणि हनुवटीवरून केली की ‘कोरडं’. अमेरिकेतल्या बहिऱ्या लोकांच्या भाषेतले हे तीन शब्द. मराठीत काळ, गाळ, माळ एकेका ध्वनीने वेगळे होतात, तसे हे केवळ जागेने वेगळे होतात. विल्यम स्टोकी या इंग्रजीच्या प्राध्यापकाने १९६० मध्ये हे मांडलं. हाताचा आकार, जागा आणि हालचाल एवढ्या थोड्या घटकांतून सगळे शब्द घडतात, म्हणून ही भाषाच आहे, असं त्याचं म्हणणं. तो शिकवायचा वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजात, म्हणजे बहिऱ्यांसाठी १८६४ पासून चालू असलेल्या संस्थेत. तिथेच त्याची टिंगल झाली. मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही, की जे लोक ही भाषा रोज वापरत होते त्यांच्यापैकीही अनेकांना ते पटेना. आपले हातवारे म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी, असंच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं.

शिकवणारे कोण? १८८० मध्ये मिलान शहरात शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवावं, असा ठराव तिथे प्रचंड बहुमताने झाला. ज्यांच्याबद्दल हा निर्णय होता, ते सभागृहात जवळपास नव्हतेच. त्यानंतर कितीतरी देशांतल्या शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार झाली. वर्गात हात हलवले तर हातावर मार बसायचा. बहिरी शिक्षक मंडळी नोकऱ्यांतून बाहेर पडली, कारण बोलणं ‘ऐकू येणाऱ्यांनी’ शिकवायचं होतं. एका ठरावाने भाषा गेली आणि भाषेबरोबर अधिकारही गेला.

स्टोकीच्या संशोधनाने हा धागा उलटा फिरवला. आपल्याला भाषा आहे म्हटल्यावर आपण रुग्ण नाही, एक समाज आहोत, ही जाणीव जागी झाली. मग पुढचा प्रश्न येणारच होता: आमच्या विद्यापीठावर सत्ता कोणाची?

गॅलॉडेटला १२४ वर्षांत एकही बहिरा अध्यक्ष मिळाला नव्हता. ६ मार्च १९८८ ला विश्वस्तांनी तीन उमेदवारांमधून एलिझाबेथ झिन्सर यांना निवडलं. तिघांत ऐकू येणाऱ्या त्या एकट्या, आणि त्यांना खुणांची भाषा येत नव्हती. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनी फाटकं अडवली. सभेत विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा जेन स्पिलमन बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा आगीची घंटा वाजवली गेली. या आवाजात बोलता येत नाही, असं त्या म्हणाल्या. विद्यार्थ्यांनी हातांनी विचारलं, कसला आवाज? तुम्ही खुणांनी बोललात तर आम्हाला सगळं ऐकू येईल. त्या सभागृहात त्या क्षणी अपंग कोण होतं, याचं उत्तर बदललं होतं.

आठवडाभरात झिन्सर आणि स्पिलमन दोघींनी राजीनामे दिले. उरलेल्या दोन उमेदवारांपैकी किंग जॉर्डन अध्यक्ष झाले, मंडळात बहिऱ्यांचं बहुमत असेल हेही मान्य झालं. जॉर्डन जन्मापासून बहिरे नव्हते. एकविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्यांची श्रवणशक्ती गेली होती. तेव्हा त्यावरून कोणी अडून बसलं नाही.

२००६ मध्ये मात्र अडलं. जॉर्डन यांच्या जागी जेन फर्नांडिस यांची निवड झाली. त्या जन्मतः बहिऱ्या, पण वाढल्या तोंडी भाषेत. खुणा शिकल्या त्या विशीत. पुन्हा फाटकं बंद, शंभरहून जास्त जणांना अटक. निवडीची पद्धत आणि फर्नांडिस यांचा आधीचा कारभार यांवर आंदोलकांचे खरे आक्षेप होते, ते बाजूला सारता येणार नाहीत. पण आपल्याला ‘पुरेशी बहिरी’ मानलं जात नाही, असं फर्नांडिस म्हणत होत्या, आणि तो वाद विद्यापीठभर पेटला. १९८८ चे नायक जॉर्डन त्यांच्या बाजूने उभे राहिले, तर तेही आंदोलकांच्या रोषाचे धनी झाले. मला इथे फार वाईट वाटतं. ज्या बाईला लहानपणी खुणा मिळाल्या नाहीत, ती मिलानच्याच विचारांत वाढलेली. त्या वंचनेचा हिशेब तिच्याकडूनच मागणं मला न्यायाचं वाटत नाही. तरीही ज्यांच्या भाषेवर शंभर वर्षं घाला पडला, त्यांना ती भाषा आपल्या प्रमुखाच्या हातात सहज असावी असं वाटलं, तर ते मला कळतं.

ऑक्टोबर २००६ मध्ये विश्वस्तांनी नेमणूक रद्द केली. फर्नांडिस पुढे २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या गिल्फर्ड कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या. तिथले विद्यार्थी बहुतेक सगळे ऐकू येणारे होते.