चिकूची वाडी, आंब्याची वाडी

रमजानच्या दिवसांत डहाणूच्या बाजारात दुपार कलली की फळांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. खजुराने रोजा सोडला की ताटात पुढचे फळ बहुधा चिकूच. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या वाड्यांत मजुरीला येणारे कितीतरी हात मात्र पूर्वेकडच्या आदिवासी पाड्यांवरचे. तिकडच्या उतारांवर ‘वाडी’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि त्यात थोडा जर्मन पैसाही आहे.

तलासरीच्या सीमेपलीकडे, दक्षिण गुजरातमधल्या वांसदा भागात, १९८२ मध्ये मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने ही वाडी सुरू केली. एका आदिवासी कुटुंबाची एकरभर हलकी जमीन, तीत आंबा-काजूची कलमे, मधल्या जागेत भाजी किंवा कडधान्य, कडेने कुंपणाला जंगली झाडे. फळ हाती यायला चार-पाच वर्षे. तोवर उन्हाळ्यात एकेका कलमाला घरच्यांनीच पाणी वाहून घालायचे. नव्वदच्या दशकात ‘नाबार्ड’मार्फत ‘केएफडब्ल्यू’ या जर्मन विकास बँकेची मदत गुजरातेत या कामाला मिळाली, आणि २००० पासून महाराष्ट्रातही, नाशिक व तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात.

परदेशी मदतीची मुदत संपली की मागे फक्त फलक उरतो, हा अनुभव जुना आहे. आफ्रिकेत देणगीतून बसवलेले कितीतरी हातपंप एका सुट्या भागासाठी बंद पडले. वाडीचे तसे झाले नाही. २००३-०४ मध्ये नाबार्डने आपल्याच नफ्यातून ५० कोटींचा आदिवासी विकास निधी उभारला, आणि वाडी इतर राज्यांतही गेली.

ही मदत सरकारी वाटेने आली होती. छोट्या संस्थांची वाट निराळी, आणि ती आता अरुंद झाली आहे. विदेशी देणगी कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणे बंद केले, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. गैरवापर रोखायलाच हवा, यात शंका नाही. पण मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून पाड्यावरच्या चार माणसांच्या संस्थेकडे येणारा पैसाही त्यात अडला. आता तिने स्वतः नोंदणी करायची, दिल्लीतल्या स्टेट बँकेत खाते उघडायचे, दरवर्षी विवरण भरायचे.

मुस्लिम घरांत याच महिन्यात जकातीचा, म्हणजे शिलकी संपत्तीच्या अडीच टक्क्यांचा, हिशेब होतो. कुरआनाने तिचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत गोरगरीब आहेत, कर्जबाजारी आहेत, आणि जकात गोळा करून वाटणारेही आहेत. वाटणाऱ्यालाही पोट असते, हे तिथे गृहीत धरले आहे.

वाडीचे खड्डे मे महिन्यात खणून ठेवावे लागतात. मृगाच्या पावसानंतर कलमे लागली नाहीत, तर त्या कुटुंबाचे एक वर्ष गेले. पैसा मग ऑगस्टमध्ये येऊन उपयोग नाही.