पॅरोल-मंडळाच्या सभासदांचे कर्तव्य : एक मागोवा

न्यायाधीशाने शिक्षेचा हुकूम फर्मावल्यानंतर बंदिवानाच्या आयुष्यावर अधिकार चालविणारे जे दुसरे पीठ अमेरिकेतील घटकराज्यांनी निर्माण केले, त्याच्या सभासदांचे कर्तव्य कालौघात कसकसे बदलत गेले, हा केवळ दंडनीतीच्या अभ्यासकांच्या जिज्ञासेचा विषय नाही. कारण माणूस सुधारला हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. आपल्याकडे 1959 च्या नियमांन्वये मिळणारा पॅरोल म्हणजे तात्पुरती रजा. तेथील पॅरोल ही मुदतीपूर्वीची सशर्त सुटका होय.

या पद्धतीचे बीज 1840 मध्ये नॉरफोक बेटावरील कैद्यांच्या वसाहतीचा कारभार हाती घेणाऱ्या अलेक्झांडर मॅकोनोकीच्या गुणांकपद्धतीत, म्हणजे श्रम व सद्वर्तन यांबद्दल गुण मिळवून कैद्याने आपली सुटका जवळ आणण्याच्या पद्धतीत, सापडते. पुढे आयर्लंडात वॉल्टर क्रॉफ्टनने तिचा विस्तार केला, आणि 1876 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे उघडलेल्या सुधारगृहात झेब्युलॉन ब्रॉकवेने तिला अमेरिकन रूप दिले. सुटकेची वेळ न्यायालयाने नव्हे, तर कमाल मर्यादेच्या आत सुधारगृहाच्या व्यवस्थापकांनी ठरवावी, अशी तजवीज तेथे झाली. 1944 पावेतो ही पद्धत सर्व राज्यांत पसरली.

पॅरोल-मंडळावर राज्यपालांनी नेमलेल्या सभासदाने गुन्ह्याची हकीकत, तुरुंगातील वर्तणूक आणि बाहेर मिळू शकणारी नोकरी व निवारा यांचे दप्तर चाळावयाचे, बंदिवानाला समोर बोलावून चार प्रश्न विचारावयाचे आणि बहुधा काही मिनिटांतच निकाल द्यावयाचा, असा दीर्घकाळ शिरस्ता होता. नकाराचे कारण सांगण्याची सक्ती नसल्यामुळे, पुढील सुनावणीपर्यंत आपण स्वतःत कोणता पालट घडवावा हे त्या अभाग्याला कळण्याचा मार्गच नसे; आणि ज्या संस्थेचा सारा आधार मनुष्याच्या सुधारणेवरील श्रद्धा हा होता, तिने सुधारणेची वाटच अंधारात ठेवावी, हा मला या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय वाटतो. 1928 मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेसने इलिनॉयमधील तीन तुरुंगांतून पॅरोलवर सुटलेल्या 3,000 जणांचा अभ्यास करून पॅरोल यशस्वी होईल काय याचा अंदाज बांधणारे 21 घटकांचे कोष्टक मांडले. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही, परंतु कोष्टक पुष्कळांविषयी बोलते, समोर बसलेल्या एकाविषयी निर्णय सभासदालाच घ्यावा लागतो.

सप्टेंबर 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटिका तुरुंगात बंड झाले, त्यामागील तक्रारींत पॅरोलचा लहरी कारभार हीही एक होती. पुढच्याच वर्षी आयोवातून आलेल्या मॉरिसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की सुटलेल्या माणसाचा पॅरोल रद्द करताना त्याला आरोपाची लेखी सूचना, पुराव्याची माहिती, आपली बाजू मांडण्याची संधी, तटस्थ पीठ आणि निर्णयाची लेखी कारणे मिळालीच पाहिजेत. तथापि सुटका मिळण्याचा हक्क राज्यघटनेतून आपोआप उद्भवत नाही, असे त्याच न्यायालयाने 1979 मध्ये नेब्रास्काच्या प्रकरणी सांगितले. तोवर मंडळांच्या विवेकाधिकारावरील विश्वासच डळमळला होता: कोणाला तो मनमानीचे साधन वाटे, कोणाला गुन्हेगारांवरील अनाठायी दया. 1976 मध्ये मेन राज्याने पॅरोल रद्द केला आणि 1984 च्या कायद्याने संघराज्याच्या न्यायालयांतील नव्या शिक्षांपुरता तो संपुष्टात आणला.

कॅलिफोर्नियात जन्मठेपेच्या कैद्यांपुरते मंडळ उरले. 2008 मध्ये लॉरेन्स प्रकरणी तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गुन्हा घोर होता एवढ्यानेच सुटका नाकारता येत नाही; बंदिवान आज धोकादायक आहे काय, हे पाहिले पाहिजे. त्याच वर्षी मतदारांनी संमत केलेल्या कायद्याने पीडितांच्या कुटुंबीयांचे सुनावणीतील हक्क विस्तारले आणि नकारानंतरची प्रतीक्षा 15 वर्षांपर्यंत नेण्याची मुभा दिली. दोन्ही बाजूंचे दुःख एकाच दालनात ऐकण्याचे हे काम अत्यंत कठीण आहे, हे मी आदरपूर्वक मान्य करतो. परंतु 15 वर्षांच्या हुकुमावर सही करणाऱ्या सभासदाने, त्या काळात बंदिवानाकडून नेमके काय अपेक्षित आहे आणि ते शिकण्याची कोणती सोय त्याच्या तुरुंगात उपलब्ध आहे, हेही त्याच कागदावर, त्याला समजेल अशा भाषेत लिहिले पाहिजे.